चॅम्पियन नर की डिचोलीचा नर: एका लॅब्रेडोर मादीच्या क्रॉसिंगचे प्रकरण

फोंडा तालुक्यात बांदोड्याला राहणाऱ्या एका कुटुंबाकडे सोना नावाची पिवळी लॅब्रेडोर मादी आहे. ती तीन वर्षांची झाली तेव्हा तिचे एकदा क्रॉसिंग, म्हणजे नराशी मिलन, करायचे ठरले आणि नर कोणता घ्यायचा यावरून घरात दोन तट पडले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने बेळगावच्या एका शोमध्ये पाहिलेला चॅम्पियन नर मनात धरला होता. त्याच्या वडिलांना, म्हणजे भाईंना, डिचोलीला त्यांच्या आतेभावाकडे असलेला रेक्स पुरेसा वाटत होता. मी पशुवैद्य आहे आणि सोना पिल्लू असल्यापासून माझ्याकडेच येते, त्यामुळे दोघेही माझ्याकडे आले. मुलाने थेटच विचारले, "डॉक्टर, एवढे जज त्याला पहिला नंबर देतात, म्हणजे त्याची पिल्लं चांगलीच निघणार ना?"

हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असते. गोव्यात लॅब्रेडोर पाळणारी घरे खूप आहेत आणि क्रॉसिंगचा निर्णय बहुतेक वेळा फोटो, रंग, ओळखपाळख किंवा शोमधली ट्रॉफी बघून होतो. एका जोडीतून सात-आठ पिल्ले सात-आठ घरांत जातात. त्यांतल्या एखाद्याचा खुब्याचा सांधा पाचव्या वर्षी कामातून जातो आणि घरातली माणसे पस्तीस किलोचे जनावर चादरीत घालून माझ्या पायऱ्या चढून आणतात. त्या माणसांसाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

सोनाची बाजू

नराची चर्चा करण्याआधी मादीची तपासणी पुरी करून घेतली. हे उलट्या क्रमाने करणारे बरेच भेटतात. नर ठरलेला असतो, स्टड फीचा, म्हणजे नराच्या मालकाला द्यायच्या पैशांचा, ॲडव्हान्स गेलेला असतो आणि मग मादीला "जरा बघून घ्या" म्हणून आणतात. सोनाकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला होता, मायक्रोचिप होती, वजन सत्तावीस किलो म्हणजे नेमके जागेवर होते. गोचीड-ताप आणि ब्रुसेला हा संसर्ग यांच्या रक्तचाचण्या निर्दोष आल्या.

खुब्याच्या एक्स-रेसाठी तिला गुंगी दिली. गुंगीशिवाय काढलेल्या एक्स-रेवर मी तरी विश्वास ठेवत नाही. जागे कुत्रे स्नायू आवळून धरते आणि सैल सांधाही घट्ट दिसतो. तिला उताणी झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ खेचले, गुडघे आत वळवून समांतर धरले. फिल्मवर ओटीपोटाच्या हाडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या बरोबर मध्ये आली, की मांडणी नीट झाली असे समजायचे. मग मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत किती खोल बसला आहे ते पाहायचे आणि ती खोली आकड्यात सांगणारा नॉरबर्ग कोन मोजायचा. 105 अंशांच्या वर कोन आणि माथ्याभोवती सारख्या जाडीची बारीक रेघ असेल, तर एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या ए (सर्वात चांगला) ते ई (सर्वात वाईट) या मोजपट्टीवर तो सांधा ए मध्ये जातो. सोनाचे दोन्ही सांधे ए मध्ये बसले. कोपरेही स्वच्छ होती.

डीएनए चाचणीत मात्र एक गोष्ट निघाली. डोळ्यांच्या पडद्याचा हळूहळू नाश करणारा पीआरए हा आनुवंशिक दोष तिच्यात नव्हता, पण ईआयसीची ती वाहक निघाली, म्हणजे त्या दोषाचे एकच जनुक तिच्यात होते. ईआयसी म्हणजे जोराच्या व्यायामाने येणारा कोलमडण्याचा विकार. डीएनएम1 या जनुकातला बदल दोन्ही पालकांकडून आला तरच कुत्र्याला त्रास होतो. असे कुत्रे एरवी धडधाकट दिसते, पण पाच-दहा मिनिटे जोरात पळाले की मागचे पाय लटपटू लागतात. उष्ण हवेत हे आणखी वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे मिरामारच्या वाळूवर चेंडूमागे पळताना कोसळलेल्या लॅब्रेडोरला लोक ऊन लागले किंवा गोचीड-ताप झाला असे समजून मोकळे होतात. वाहक कुत्र्याला स्वतःला काहीच होत नाही. वाहक मादी आणि निर्दोष नर यांच्या पिल्लांत सरासरी निम्मी वाहक निघतात, आजारी एकही नाही. दोन वाहकांच्या जोडीत मात्र सरासरी चारातले एक पिल्लू आजारी निघते. त्यामुळे सोनासाठी नर कोणताही असो, त्याचा ईआयसी अहवाल हातात असल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढे पहिल्याच दिवशी ठरले.

चॅम्पियनकडून काय कळले

चॅम्पियन नर तीन वर्षांचा. मुलाने त्याचे व्हिडिओ दाखवले आणि मला तो खरोखर आवडला. लॅब्रेडोरला हवी तशी मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती शेपटी, दाट दुहेरी केस, भक्कम पण बोजड नसलेला चेहरा, आणि रिंगमध्ये, म्हणजे शोच्या मैदानात, पळताना पाठीची रेघ हलत नव्हती. त्याच्या मालकांनी फोनवर आपुलकीने सगळी माहिती दिली. किताब कुठे कुठे मिळाले, वडील परदेशातून आणलेले आहेत, फी नको असेल तर पिल्लांतले पहिल्या पसंतीचे एक द्यावे. खुब्याचा एक्स-रे झाला आहे का असे विचारल्यावर उत्तर आले, "अहो, चॅम्पियन आहे तो. हिप खराब असती तर जजने चाल बघून बाहेर काढला असता." डीएनए चाचणी झालेली नव्हती. गुंगी देऊन एक्स-रे काढायला त्या वेळी त्यांची तयारी नव्हती.

ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसेच वाटत होते आणि शोच्या जगात वावरणाऱ्या बहुतेकांना तसेच वाटते. म्हणून रिंगमध्ये काय दिसते आणि काय दिसत नाही, हे मी मुलाला बसवून समजावले.

जज कुत्र्याला त्या जातीच्या ठरलेल्या मानकाशी ताडून बघतो. दात उघडून चाव बघतो, हाताने खांदा, छाती, कंबर चाचपतो, नराचे दोन्ही वृषण उतरले आहेत का ते बघतो, मग सरळ रेषेत आणि गोलात पळवून चाल बघतो. एका कुत्र्याच्या वाट्याला काही मिनिटे येतात. अनुभवी जजचे हात त्या काही मिनिटांत बरेच ओळखतात, त्याची किंमत कमी करू नये. हाडाची ठेवण, उंची, केसांची प्रत, डोक्याचा आकार या गोष्टी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतात, त्यामुळे चांगल्या ठेवणीच्या नराची पिल्ले दिसायला लॅब्रेडोरसारखी होण्याची शक्यता नक्कीच जास्त. परक्या माणसाने अंगाला हात लावल्यावर गुरगुरणारे कुत्रे रिंगमध्ये टिकत नाही, हाही एक चांगला गाळणा आहे. कुत्र्यांचे शो सुरू झाले तेव्हापासून, म्हणजे 1859 मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचा शो भरला तेव्हापासून, पैदाशीला कोणते जनावर ठेवावे हे ठरवण्याचे साधन म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले गेले.

पण सांध्याच्या आतली खोबण जजला दिसत नाही. तरुण, कसदार स्नायूंचे कुत्रे सांध्यातला सौम्य सैलपणा सहज झाकते. एक्स-रेवरचा दोष आणि बाहेर दिसणारे लंगडणे यांचा मेळ किती वेळा बसत नाही, हे कोणताही पशुवैद्य सांगेल. पीआरएमध्ये लॅब्रेडोरची नजर बहुधा तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कमी होऊ लागते. अपस्माराचे झटके अनेकदा पहिल्या वर्षानंतर सुरू होतात. कातडीची ॲलर्जी आपल्या दमट हवेत एक-दोन पावसाळे काढल्यावर जोर धरते. किताब मात्र दोन-तीन वर्षांच्या आत मिळून गेलेला असतो.

याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण 2012 च्या क्रफ्ट्समधले आहे. लंडनला 1891 मध्ये सुरू झालेला आणि हल्ली बर्मिंगहॅमला भरणारा हा जगातला सर्वात नावाजलेला शो. त्या वर्षी पहिल्यांदाच, ज्या 15 जातींच्या आरोग्याबद्दल काळजी होती, त्यांच्या बेस्ट ऑफ ब्रीड विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्यकांकडून तपासणी ठेवली होती. बुलडॉग, पेकिनीज, क्लंबर स्पॅनियल, मॅस्टिफ, नेपोलिटन मॅस्टिफ आणि बॅसेट हाउंड अशा 6 जातींचे विजेते त्यात नापास झाले आणि त्यांना पुढच्या फेरीत जाता आले नाही. जातीतला सर्वोत्तम म्हणून जजने निवडलेले कुत्रे पशुवैद्यकाने नाकारले. चार वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच शोमध्ये उतरत्या पाठीची आणि अडखळत चालणारी जर्मन शेफर्ड मादी जातीतली सर्वोत्तम ठरली तेव्हा टीव्हीवर पाहणाऱ्या सामान्य लोकांनीही हरकत घेतली. यात जजची लबाडी शोधायचे कारण नाही. रिंगमध्ये ज्या गोष्टीला गुण मिळतात ती पिढ्यान्पिढ्या वाढत जाते, मग ती कुत्र्याच्या सोयीची असो वा नसो.

किताबाचे वजनही सगळीकडे सारखे नसते. ब्रिटनमध्ये चॅम्पियन व्हायला तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेट लागतात. अमेरिकेत 15 गुण लागतात आणि एका शोमध्ये किती कुत्र्यांना हरवले त्यावर एक ते पाच गुण मिळतात. म्हणजे स्पर्धा किती मोठी होती याचा विचार तिथल्या पद्धतीत थोडा तरी केलेला आहे. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या शोमध्ये जातीचे तीनच कुत्रे उभे असतील, तर पहिला नंबर म्हणजे त्या तिघांतला पहिला. मी मुलाला सांगितले, किताब विचारलास तसे समोर किती होते तेही विचार.

जर्मनीत शेफर्डच्या संघटनेने याला वेगळा मार्ग काढला. 1899 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत पैदाशीसाठी नुसते दिसणे चालत नाही. खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे, सायकलच्या बाजूने 20 किलोमीटर धावण्याची दमाची परीक्षा, आज्ञापालन आणि संरक्षणाची परीक्षा, हे सगळे पार केल्यावर पैदाशीची शिफारस मिळते. त्या पद्धतीतही दोष राहिलेच आहेत, शेफर्डच्या पाठीवरचे वाद तिथेही आहेत. तरीही पैदाशीआधी एक्स-रे आणि दमाची परीक्षा मागणे हे शहाणपणाचेच आहे.

रेक्स

आता डिचोलीचा नर. रेक्स सात वर्षांचा, कागदपत्रे असलेला, पण शोचे तोंड न पाहिलेला. खरे सांगायचे तर रिंगमध्ये तो मागेच राहिला असता. कंबर थोडी लांब, डोके साधे, केस चॅम्पियनसारखे दाट नाहीत. मुलाने त्याला बघून नाक मुरडले, त्यात त्याचे काही चुकले नाही.

पण रेक्सजवळ एक गोष्ट होती जी चॅम्पियनजवळ असणेच शक्य नव्हते. त्याची मोठी झालेली पिल्ले डिचोली, साखळी आणि म्हापसा इथे वेगवेगळ्या घरांत होती, तीन वेगवेगळ्या मादींपासून झालेली. चॅम्पियनचे सर्वात मोठे पिल्लू अजून वर्षाचेही नव्हते.

या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेतो, कारण सगळे प्रकरण इथे ठरले. नराला पैदाशीला ठेवायचे ते त्याच्या अंगातले गुण पिल्लांत उतरावेत म्हणून. पिल्लाला बापाकडून निम्मी जनुके मिळतात आणि कोणती निम्मी हे दर पिल्लागणिक बदलते. कुत्रे जसे दिसते त्यात जनुकांचा वाटा असतो, तसाच खाणे, व्यायाम, जमीन, हँडलरचे, म्हणजे रिंगमध्ये कुत्रे फिरवणाऱ्याचे, कसब यांचाही असतो. खुब्याच्या सांध्याच्या बाबतीत जनुकांचा वाटा (एकूण फरक 1 धरून) अनेक अभ्यासांत साधारण 0.2 ते 0.4 असा येतो. तो 0.25 धरला, तर नराच्या स्वतःच्या एक्स-रेमधून त्याच्या पैदास-मूल्यातल्या, म्हणजे तो पिल्लांना जे देतो त्यातल्या, फरकाचा जेमतेम चौथा हिस्सा कळतो. पाच वेगवेगळ्या मादींपासून झालेल्या त्याच्या पाच पिल्लांचे एक्स-रे पाहिले तरी तेवढेच कळते. तशी पंधरा पिल्ले पाहिली तर निम्मा हिस्सा कळतो. स्वतःच्या एक्स-रेने ही मजल कधीच गाठता येत नाही. दुधाच्या वळूंची निवड जगभर वर्षानुवर्षे त्यांच्या मुलींच्या दुधावरून होत आली ती याच हिशेबाने. वळू कितीही देखणा असला तरी तो स्वतः दूध देत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने 2014 पासून लॅब्रेडोरसह काही जातींसाठी खुबा आणि कोपराचे अंदाजित पैदास-मूल्य जाहीर करायला सुरुवात केली, त्यातही कुत्र्याच्या जोडीने त्याच्या सगळ्या नातेवाइकांचे एक्स-रे मोजले जातात.

शोच्या जगात याच्या उलट घडते. नर दोन-अडीच वर्षांचा असतो, नुकताच किताब मिळालेला असतो, त्याचे नाव सर्वात मोठे असते, तेव्हाच त्याला सर्वाधिक माद्या येतात. त्याच्या पिल्लांविषयी त्या घडीला कोणालाच काही माहीत नसते. ती मोठी होऊन त्यांचे दोष दिसू लागेपर्यंत त्याची पन्नास-साठ पिल्ले झालेली असू शकतात.

भाईंची केरीला बागायत आहे. हा हिशेब ऐकून ते मुलाला म्हणाले, "अरे, प्रदर्शनात बक्षीस घेतलेल्या मानकुराद आंब्याची बाठ पुरून कोणी मानकुराद खाल्लाय? त्यासाठी कलमच लागतं." कुत्र्याचे कलम होत नाही, दर वेळी बाठच पुरावी लागते. म्हणून त्या झाडाच्या आधीच्या बाठांतून काय उगवले ते जाऊन बघायचे, असे ठरले.

पिल्लांच्या घरी

हे काम मुलाने अंगावर घेतले आणि मन लावून केले. रेक्सची अकरा पिल्ले सापडली. प्रत्येक घरी विचारायचे प्रश्न मी लिहून दिले होते. दुपारची झोप झाल्यावर उठताना आधी पुढच्या पायांवर जोर देऊन मागचे अंग ओढून घेते का? जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते का? पावसाळ्यात कान आणि पंजे लाल होतात का? कधी झटका आला आहे का? पळून आल्यावर कधी मागून कोसळले आहे का? आणि दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री काय करते? हा शेवटचा प्रश्न मी गोव्यात सगळ्यांनाच विचारतो. रात्रभर स्पीकर आणि फटाके चालू असताना एखादे कुत्रे पलंगाखाली थरथरत पडून राहते, एखादे दोनदा कान टवकारून झोपी जाते. आवाजाची भीती थोडीफार रक्तातूनही येते, आणि रिंगमध्ये शिकवून तयार केलेल्या कुत्र्यात ती कळत नाही.

साखळीच्या एका घरी मीही गेलो होतो. रेक्सची पाच वर्षांची मुलगी बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, लाल फरशीवर पसरली होती. आम्हाला बघून ती उठली ती चारही पायांवर एकदम, पुढून ओढ नाही की मागून घसरणे नाही, आणि शेपटीने माझी बॅग खाली पाडून अंगणात धावली. घरातली आजी म्हणाली, "ही कधी आजारीच पडत नाही हो. डॉक्टरकडे फक्त इंजेक्शनाला नेतो." एवढी उपयोगी माहिती कोणत्याही सर्टिफिकेटवर छापलेली नसते.

अकरांपैकी दोघांना दर पावसाळ्यात कानांचा त्रास होतो. झटके कोणालाच आलेले नव्हते, कोसळण्याचा प्रकारही नव्हता. सहा घरांनी एक्स-रेला होकार दिला, त्यांतल्या दोघांचे नसबंदीच्या वेळीच गुंगीत उरकून घेतले. पाच जण ए किंवा बी मध्ये आले. म्हापशाचा एक नर सी मध्ये आला.

त्या सी ने मुलगा चिंतेत पडला. मी त्याला म्हापशाच्या घरी पुन्हा पाठवले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पहिल्या दिवसापासून जिना, आत चकचकीत टाइल्स, आणि कुत्र्याचे वजन एक्केचाळीस किलो. नॉर्वेतल्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिना वापरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचा धोका वाढलेला दिसला होता, आणि मऊ जमिनीवर मोकळे बागडणाऱ्या पिल्लांत तो कमी दिसला होता. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 48 लॅब्रेडोर जन्मभर पाहिले गेले. ज्यांना चौथा हिस्सा कमी खाणे दिले ते सरासरी सुमारे दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. त्यामुळे म्हापशाच्या त्या सी चे सगळे खापर रेक्सच्या माथ्यावर फोडणे बरोबर नव्हते. पण तो हिशेबातून पुसूनही टाकला नाही. सहांत एक सी, असेच कागदावर लिहिले.

रेक्सचा स्वतःचा खुबा बी आला. ईआयसी आणि पीआरए दोन्हींत तो निर्दोष निघाला.

नात्याचा हिशेब

दोन्ही नरांची आणि सोनाची वंशावळ समोरासमोर ठेवली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. चॅम्पियनचे परदेशातून आणलेले वडील हेच सोनाच्या आईचेही वडील होते. घरातल्या कोणाच्या हे लक्षात आले नव्हते, कारण तीन पिढ्यांचा कागद भिंतीवर लावायचा म्हणून सगळे लावतात, वाचत फार कोणी नाही. अशा जोडीच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाचे तेच जनुक पिल्लाला आई-बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता, 6.25 टक्के येतो. सख्ख्या भावंडांच्या जोडीत तो 25 टक्के असतो, म्हणजे हे काही भयंकर नव्हते. पण त्या एका नराच्या अंगात एखादा लपलेला दोष असेल, तर तो पिल्लाला दोन्ही बाजूंनी मिळायची वाट इथे उघडी होती. रेक्स आणि सोना यांच्यात कागदावर दिसेल असे कोणतेच नाते नव्हते.

गोवा, बेळगाव, कोल्हापूर या पट्ट्यातले कागदपत्रांचे लॅब्रेडोर काही हजारोंनी नाहीत. एखादा नर गाजला की आजूबाजूच्या सगळ्या माद्या त्याच्याकडे जातात आणि दोन पिढ्यांनी जो तो एकमेकांचा नातेवाईक होऊन बसतो. शोमधल्या यशाचा हा परिणाम मला सर्वात जास्त काळजीचा वाटतो, कारण तो कुत्रे निरोगी असले तरीही होतो.

निर्णय आणि नंतर

मी दोघांसमोर एवढेच मांडले: चॅम्पियन वाईट आहे असे म्हणायला आपल्याकडे काही आधार नाही. तो दिसायला रेक्सपेक्षा सरस आहे हे मान्य. पण त्याचा खुबा, ईआयसी आणि पिल्ले या तिन्ही बाबतींत आपल्यासमोर कोरा कागद आहे, आणि सोना वाहक असल्यामुळे त्यातला ईआयसीचा कागद कोरा चालणारच नाही. मुलाने एक दिवस मागून घेतला आणि स्वतःच रेक्स म्हणाला. भाईंच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, त्याआधीच घराच्या मागच्या खोलीत पिल्लांसाठी जागा करायला घेतली होती.

पुढचे थोडक्यात. सोना हीटवर आल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची चाचणी करून दिवस ठरवला. क्रॉसिंगपासून बासष्टाव्या दिवशी सात पिल्ले झाली, सगळी जगली. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. भाईंनी दोन्ही गोष्टी व्यवस्थित पाळल्या. प्रत्येक पिल्लासोबत आई-बापांच्या एक्स-रेची आणि डीएनए अहवालाची प्रत दिली. त्याबरोबर एक विनंती केली: दोन वर्षांचे झाल्यावर खुब्याचा एक्स-रे काढा आणि आम्हाला कळवा. ही विनंती मुलाच्या डोक्यातून निघाली, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात आवडलेली गोष्ट ती आहे.

दरम्यान बेळगावच्या मालकांशी मुलाचे बोलणे चालूच होते. त्यांनी काही महिन्यांनी चॅम्पियनचा खुबा गुंगी देऊन तपासून घेतला आणि फिल्म मला पाठवली. मांडणी उत्तम होती, दोन्ही सांधे ए. मला मनापासून आनंद झाला. तो सांधा सुरुवातीपासून चांगलाच होता, पण त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यांवरून ते आम्हाला कळले नव्हते, फिल्मवरून कळले. ईआयसीची चाचणीही आता करतो असे ते म्हणाले आहेत, आणि त्यांच्याकडच्या पिल्लांच्या घरांची यादी ठेवायला त्यांनी सुरुवात केली आहे.

सोनाचे पुन्हा क्रॉसिंग करायचे नाही असे वहिनींनी सांगितले आहे. तिच्या पिल्लांतली एक मादी त्यांनी घरी ठेवली आहे. रेक्सची लांब कंबर तिच्यात उतरली आहे, डोके मात्र आईवर गेले आहे. मुलाचे तिला चॅम्पियनला द्यायचे मन आहे, आणि ठेवणीतली ती उणीव भरून काढायला तो नर योग्य आहे हे मलाही पटते. या जोडीचा नात्याचा गुणांक 3.125 टक्क्यांवर येतो. ती दोन वर्षांची झाल्यावर तिचा खुबा आणि कोपर बघायचे. ईआयसीत ती निर्दोष निघाली तर चॅम्पियनच्या अहवालाची अडचण राहत नाही, वाहक निघाली तर तो अहवाल आल्याशिवाय बेळगावला जायचे नाही. तोवर चॅम्पियनची पहिली पिल्लेही एक्स-रेच्या वयाची झालेली असतील. त्यांतली निदान पाच-सहा बघायला मिळावीत म्हणून मुलगा आत्तापासून फोन करतो आहे.